घड्याळ आणि घाम

‘कार्यक्षमता’ हा शब्द आपल्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत आता इतका रुळला आहे की, त्यालाही एक वादग्रस्त इतिहास आहे याचे सहसा भान राहत नाही. कल्पना मुळात साधी आहे. तेवढ्याच श्रमांत व तेवढ्याच साधनांत अधिक आणि चांगले काम निघाले, म्हणजे कार्यक्षमता वाढली. खरा प्रश्न उद्भवतो तो यापुढे. ही वाढ ठरवायची कोणी, आणि तिचे फळ कोणाच्या पदरात पडायचे?

या शास्त्राचा आद्य प्रवर्तक म्हणून फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनियराचे नाव घेतले जाते. 1899 साली बेथलहेम येथील पोलादाच्या कारखान्यात त्याने बिडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला. ठोकळा केव्हा उचलावा आणि केव्हा बसून विसावा घ्यावा, हे त्याने घड्याळ लावून ठरविले. त्याच्याच सांगण्याप्रमाणे, दिवसाला साडेबारा टन वाहणारा मजूर साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला. रोज मात्र 1 डॉलर 15 सेंटवरून 1 डॉलर 85 सेंटवर गेला. काम जवळजवळ चौपट झाले आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक!

त्याच काळातील फ्रँक गिल्ब्रेथची दृष्टी निराळी होती. त्याने स्वतः गवंडीकामाची उमेदवारी केली होती. प्रत्येक विटेसाठी गवंडी खाली वाकतो, तेव्हा तो विटेबरोबर स्वतःच्या देहाचाही भार उचलतो, हे त्याने हेरले. विटा हाताशी येतील अशी परांची त्याने योजिली आणि एका विटेमागच्या 18 हालचाली 5 वर आणल्या. येथे वेग वाढला तो अधिक घाम गाळून नव्हे, तर वाया जाणारे श्रम वाचवून.

परंतु कारखानदारांच्या मनात भरले ते टेलरचे घड्याळ. 1911 च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात एका ओतकाम्याने घड्याळापुढे काम करण्याचे नाकारले. त्याला काढून टाकताच त्याच्या सोबत्यांनी काम बंद केले. अमेरिकन काँग्रेसने चौकशी समिती नेमली, टेलरची साक्ष झाली आणि 1915 मध्ये शस्त्रागारांतील अशा वेळमोजणीवर बंदी आली.

हाच वाद आपल्याकडे उभा राहिला तो मुंबईच्या गिरण्यांत. विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, अशी योजना काही गिरण्यांनी आणली. कामगारांचे म्हणणे असे की, कापूस हलका असला तर सूत वारंवार तुटते आणि ते सांधण्यातच जीव मेटाकुटीस येतो. हा आक्षेप शास्त्रालाही धरूनच होता. एका माणसाने किती माग सांभाळावेत हे त्याच्या चपळाईइतकेच सुताच्या प्रतीवर अवलंबून असते. वेतनकपातीच्या धास्तीने असंतोष पेटला आणि 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. पुढे फॉसेट समितीने कार्यक्षमतेच्या योजनेचे तत्त्व मान्य केले. पण तोवर गिरणगावातील घराघरांनी सहा महिन्यांची उपासमार सोसली होती.

पंचवीस वर्षांनी अहमदाबादेत एक वेगळा प्रयोग झाला. कॅलिकोच्या ज्युबिली गिरणीत 224 स्वयंचलित माग बसविले होते. त्यांवर 29 कामगार बारा प्रकारची कामे वाटून करीत. तरीही अपेक्षित उत्पादन निघेना. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांनी सुचविले की, कामगारांच्या लहान तुकड्या करून प्रत्येकीकडे मागांचा एक पूर्ण गट सोपवावा. तुकड्या कशा जमवायच्या हे कामगारांनी आपापसांत ठरविले. स्थिरस्थावर झाल्यावर उत्पादन वाढले आणि सदोष कापडही घटले. माग तेच होते, माणसेही तीच होती. बदल झाला तो इतकाच की, कामाची मांडणी कशी असावी हे त्यांना विचारण्यात आले.

1958 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उत्पादकता परिषदेत सरकार आणि मालक यांच्या जोडीला कामगारांनाही स्थान देण्यात आले, ते या दृष्टीने उचितच होय. घड्याळ हे उपयुक्त साधन आहे. मात्र ज्याच्या कामाची वेळ मोजायची, त्याचा अनुभव आणि त्याचा वाटा हिशेबात धरला नाही, तर आकडे कितीही अचूक असले तरी तो हिशेब अपुराच राहतो.