एकच जिना, दोन वेळा

आज हॉलिवूडच्या जुन्या काळातली एक नटी, ऑलिव्हिया डी हॅविलंड. जन्म १९१६ चा. तिचे सिनेमे आम्ही ओळीने पाहिले. सुरुवातीला, १९३८ च्या ‘रॉबिन हूड’सारख्या सिनेमात, ती नायकाशेजारी गोड हसत उभी असते. पुढे मात्र ओळखू येऊ नये इतकी निरनिराळी कामं करते. हे कसं झालं?

तेव्हा नटनट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. वॉर्नर ब्रदर्सशी तिचा सात वर्षांचा करार होता. कंपनी देईल ते काम करायचं. नको म्हटलं की बिनपगारी घरी बसवायचे, वर तेवढे दिवस कराराला जोडायचे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना खाडा म्हणजे काय ते सांगायला नको! १९४३ साली सात वर्षं भरली, तर कंपनी म्हणाली, अजून सहा महिने बाकी आहेत. ती कोर्टात गेली. खटला चालला तोवर हाताला नवा सिनेमा नव्हता. डिसेंबर १९४४ मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं, सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. कॅलिफोर्नियातला तो कायदा आजही तिच्या नावाने ओळखला जातो.

मग कामं तिच्या मनाची. १९४६ च्या ‘टू ईच हिज ओन’मध्ये ती कुमारी माता आहे, पोटचा मुलगा दुसऱ्याच्या घरी वाढतो. याला ऑस्कर मिळालं. ‘द स्नेक पिट’मध्ये वेड्यांच्या इस्पितळातली बाई, जिला नवराही ओळखू येत नाही.

पण आम्हाला सगळ्यात आवडला १९४९ चा ‘द एअरेस’. दुसरं ऑस्कर याचंच. श्रीमंत डॉक्टरची साधी, बुजरी मुलगी कॅथरिन. बाप तिला सतत हिणवतो. पैशांवर डोळा असलेला एकजण लग्नाचं वचन देतो आणि पळून जायच्या रात्री येतच नाही. पहाटे ती बॅग ओढत जिना चढते, एकेक पायरी जड. वर्षांनी तो परततो. ती त्याला रात्री बोलावते, हातातलं भरतकाम संपवते, शेवटचा दोरा कापते. तो दार वाजवू लागतो. ती दाराला आतून कडी घालायला लावते, दिवा उचलते आणि तोच जिना सावकाश चढून जाते. बाहेर तो तिच्या नावाने दार बडवत राहतो.