साठ प्रती

ज्या भाषेतले लेखन जगाच्या विद्यापीठांत कोणी वाचत नाही, त्या भाषेत लिहून जगाचे मत बदलता येते का? मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न अधूनमधून छळतो. कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती खपायला आमच्याकडे वर्षे लागतात. अशा वेळी मला सांतियागो रामोन इ काहाल आठवतात.

काहाल यांचा जन्म १८५२ साली स्पेनमधल्या एका खेड्यात झाला. मुलाला चित्रकार व्हायचे होते, पण वडील पडले शल्यचिकित्सक. त्यांनी त्याला काही काळ न्हाव्याच्या आणि जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली ठेवले, पुढे स्वतःच शरीररचना शिकवली. हाडांची चित्रे काढता काढता मुलगा वैद्यकाकडे वळला. १८७३ साली तो डॉक्टर झाला, लष्कराबरोबर क्यूबात गेला आणि हिवतापाने खंगून परतला. साठलेल्या पगारातून त्याने सूक्ष्मदर्शक घेतला.

त्याच १८७३ साली इटलीत कामिल्लो गोल्जी यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, की दाट गर्दीतल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण त्या अगदी शेंड्यापर्यंत दिसतात. काहाल यांनी असे नमुने १८८७ साली माद्रिदमध्ये पाहिले. पद्धत बेभरवशाची होती. काहाल यांनी ती प्रक्रिया दोनदा करून पाहिली आणि पक्ष्यांचे व प्राण्यांचे कोवळे गर्भ तपासायला घेतले. दाट अरण्यापेक्षा रोपवाटिकेत झाडे मोजणे सोपे, असा तो विचार.

त्या काळी मेंदू म्हणजे एकमेकांत विरघळलेल्या तंतूंचे अखंड जाळे, असे बहुतेक विद्वान मानत. गोल्जीही तेच मानत. काहाल यांना मात्र प्रत्येक पेशी सुटी दिसली. फांदीला फांदी टेकावी तशी ती शेजारणीजवळ जाते, पण तिच्यात मिसळत नाही.

हे छापायचे कुठे? मे १८८८ मध्ये बार्सिलोनात त्यांनी पदरच्या खर्चाने स्वतःचे त्रैमासिक काढले. प्रती साठ! बऱ्याचशा परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. पण स्पॅनिश वाचणार कोण? मग त्यांनी आपले लेख फ्रेंचमध्ये आणले. तरी शंका उरल्याच. तेव्हा १८८९ च्या ऑक्टोबरात ते काचपट्ट्या घेऊन थेट बर्लिनच्या परिषदेत दाखल झाले आणि मोडक्या फ्रेंचमध्ये बोलत एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी नेऊ लागले. त्यांत अल्बर्ट फॉन कोलिकर होते, वय बहात्तर, त्या क्षेत्रातले सर्वांत वजनदार नाव. त्यांनी पाहिले, आणि त्यांना पटले. पुढे काहाल यांचे लेखन वाचता यावे म्हणून या वृद्ध गृहस्थांनी स्पॅनिश शिकून घेतली, असे सांगतात. १८९१ साली वाल्डायर यांनी त्या सुट्या पेशीला 'न्यूरॉन' हे नाव दिले.

१९०६ चे नोबेल गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले. गोल्जींनी आपल्या भाषणात न्यूरॉनच्या सिद्धांतावरच हल्ला चढवला. ज्याच्या पद्धतीने सत्य दिसले, त्यालाच ते मान्य नव्हते! काहाल १९३४ साली वारले. दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. ती साधारण मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी आहे.

आज संशोधकाची किंमत त्याच्या लेखांचे दाखले किती जणांनी दिले, यावरून ठरवतात. नियतकालिकालाही त्याच हिशेबाने गुण देतात. हा हिशेब १८८८ साली कोणी मांडला असता, तर साठ प्रतींच्या त्या त्रैमासिकाला शून्य मिळाले असते. त्यातल्या लेखकाची चित्रे मात्र मेंदूविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत आजही छापली जातात.

यावरून भाषेची अडचण खोटी ठरत नाही. काहाल यांना अनुवाद करावा लागला, बर्लिन गाठावे लागले. पण आधी त्यांनी आपल्या भाषेत नीट पाहिले आणि नीट लिहिले. अनुवादाला काही असावे लागते, ते त्या साठ प्रतींत होते. आपल्याकडच्या तरुण संशोधकांनी आणि कवींनीही एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)