आत्याचं वावर

आमच्या आत्यानं चकलांब्याचं शिवार जात्यावर गायलं, ते लग्न होऊन सासरी गेल्यावर. माहेरी असताना ती मुकाट दळायची, असं आजी सांगायची. ज्या वावरात रोज उठून निंदायला जायचं, त्याचं गाणं कशाला होईल?

आमच्या गेवराई तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे; तिलाच आम्ही गंगा म्हणतो. गंगेकाठची जमीन काळी. नदीपासून दूर जावं तसा मुरूम वर येत जातो. आमचं वावर त्या मुरमाचंच. बांधाला तरवड, उन्हाळ्यात धोतरात शिरणारी कुसळं, पाऊस झालाच तर बाजरी नि तूर. आत्याच्या ओवीत मात्र तेच रान काळंभोर व्हायचं. भावाची तिफण चालली आहे, पुढं पांढरे बैल, मागं भावजय चाड्यावर मूठ धरून. आमच्याकडे एकच बैल होता, दुसरा सावडीचा. दोन्ही तांबडे.

दळण पहाटेचं. जातं म्हणजे दोन दगड, मधे मेख, वरच्याला खुंटा. उजव्या हातानं ओढायचं आणि डाव्या हातानं तोंडात मूठभर जोंधळ्याचा घास सोडायचा. घास जास्त पडला तर भरड निघते, कमी पडला तर दगडावर दगड घासून पिठात कचकच येते. ओवीची ओळ या फेऱ्यांवर बेतलेली असते. दमाला जिथं थांबा, तिथंच 'बाई' नाहीतर 'गं' येतो. वर्षा-सहा महिन्यांनी दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यायची.

कामाबरोबर ओवी गायची ही चाल फार जुनी. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे. गंगेच्याच काठानं खाली गेलं की गंगाखेड लागतं, ते जनाबाईचं गाव. तिच्या दळणाला तर विठ्ठलच हात लावतो. पण घरोघरच्या ओवीत देवाच्या बरोबरीनं येतो तो भाऊ. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतही भावाचं घर, भावाचं वावर, भावाचे बैल पुन्हा पुन्हा येतात.

सोडलेल्या मुलखाची ओढ कलेत उतरणं हे काही आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत विला कॅथर ही लेखिका नेब्रास्काच्या गवताळ माळावर वाढली, पूर्वेकडच्या शहरांत गेली आणि मग 1918 साली 'माय आन्टोनिया' या कादंबरीत तिनं तो माळ उभा केला. फरक एवढाच की ती स्वतःच्या मर्जीनं गेली होती. आत्याला छकड्यात बसवून पाठवलं होतं.

आमच्या बीड जिल्ह्यातच या माहेरच्या ओवीची दुसरी बाजू आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या. त्या दलित बायकांनी भीमरावांना थेट नात्यात घेतलं आणि जात्यावर त्यांचं कौतुक मांडलं. ज्यांच्या माहेराला बांधच नव्हता, त्यांनी तीच चाल घेऊन वेगळा भाऊ गायला. मला त्या ओव्या आमच्या घरच्या ओव्यांपेक्षा मोकळ्या वाटतात. त्यांना कुणाचं मन सांभाळायचं नव्हतं.

आत्याला सांभाळायचं होतं. माहेरचं एवढं कौतुक गाणं हे निव्वळ प्रेम नव्हतं, दार उघडं राहावं म्हणून केलेली ती राखणही होती. पंचमीला मूळ यावं, भाऊबीजेला चोळी मिळावी, एवढ्यावर तिचा हक्क. कायदा वेगळं सांगत होता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या हिश्श्यात लेकीला वाटा दिला. वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं बरोबरीचा हक्क मिळायला देशपातळीवर 2005 उजाडलं. आजोबा गेले तेव्हा जमीन बारा एकर. आजोबा आणि दोन मुलगे, प्रत्येकी चार एकर. आजोबांचे चार एकर तीन भावंडांत वाटले तर आत्याच्या नावे एक एकर तेरा गुंठे निघतात. तिनं गेवराईला येऊन हक्कसोडपत्रावर अंगठा दिला.

गावात इंजिनाची गिरणी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. जातं निघायचं ते लग्नात हळद दळायला. अशाच एका लग्नात आत्यानं पांढऱ्या बैलांची ओवी म्हटली. तिला मी विचारलं, वाटा का सोडला गं? खुंटा न सोडता ती म्हणाली, "वावर घेतल्यावर मूळ कोण धाडील रं मला?"

वडील होते तोवर दर पंचमीला मूळ गेलं. आता आम्ही पोरं फोन करतो.