भिंत आधी, तार मागून

आपल्याकडचा माणूस अमेरिकेत घर घेतो आणि फोटो टांगायला खिळा ठोकतो, तेव्हा तो खिळा सरळ आत जातो. भिंत पोकळ! आपल्याकडे विटेच्या भिंतीत झिरी मारायची, पाइप बसवायचा, वायर ओढायची आणि वरून सिमेंट फिरवायचे. तिकडच्या भिंतीत चारएक इंचांची जागा आयतीच असते. पण ती विजेसाठी कुणी ठेवलेली नाही. घरात वीज यायच्या पन्नासेक वर्षे आधीच ती तयार होती.

१८३०च्या दशकात शिकागो झपाट्याने वाढत होते. करवतीच्या गिरण्यांत चिरलेले सडपातळ लाकूड आणि यंत्रावर कापलेले खिळे स्वस्त झाले होते. खाचा पाडून जाड वासे सांधण्याचे कसबी काम मागे पडले आणि हातोडी धरता येणारा कुणीही घर उभे करू लागला. साधारण सोळा इंचांवर एकेक उभी दांडी, म्हणजे स्टड, थेट पायापासून छपरापर्यंत. आतून लाकडी पट्ट्या ठोकून वर गिलावा, बाहेरून फळ्या. ही बलून फ्रेम. सुताराने पैसे वाचवले, त्यात ही पोकळी फुकट मिळाली.

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनचे न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याच वर्षी एडिसनच्या धंद्यात पैसे घातलेल्या बँकर जे. पी. मॉर्गनने मॅडिसन अव्हेन्यूवरच्या आपल्या घरात स्वतंत्र जनित्र बसवून दिवे लावले. तारा नेल्या जुन्या गॅसच्या नळ्यांतून. पुढे अभ्यासिकेतल्या टेबलावरच्या दिव्याची गालिच्याखालून नेलेली तार पेटली. टेबल, गालिचा जळाला. घरमालक मॉर्गन असल्यामुळे वायरिंग नव्याने झाले, विजेवर फुली बसली नाही. तार न्यायची कशी, हे तेव्हा श्रीमंतांच्या घरीही प्रयोगानेच ठरत होते.

त्यातून रुळलेली पद्धत मला फार हुशारीची वाटते. रबर आणि कापड गुंडाळलेल्या दोन तारा एकमेकींपासून काही इंच दूर ठेवायच्या, लाकडाला टेकू द्यायच्या नाहीत. स्टडवर तार धरणारे चिनी मातीचे नॉब. खिळा ठोकताना चिनी माती तडकू नये म्हणून खिळ्याच्या डोक्याखाली चामड्याची चकती. तार लाकूड भेदून जाते तिथे चिनी मातीची नळी. नळीचे एक टोक जाड, ती तिरकी बसवायची आणि जाड टोक वरच्या बाजूला ठेवायचे, म्हणजे घसरून पडत नाही. सांधे पिळून डाख दिलेले. खरे रोधन मात्र हवेचे. तार तापली तर पोकळीतच निवते. म्हणून अशा जुन्या घरात उबेसाठी भिंतीत नंतर कापूस किंवा कागदाचा लगदा भरला की घोटाळा होतो. तारेची हवाच जाते.

या कामाला मजुरी फार लागे. १९२०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावच्या रोम वायर कंपनीने दोन्ही तारा एकाच आवरणात घातल्या, ती रोमेक्स. दोन तारांसाठी वेगवेगळी भोके नकोत, नॉब नकोत.

जुन्या उभ्या घरात वायर टाकायची तर माळ्यावरून दोरीला वजन बांधून पोकळीत सोडायचे आणि खालून आकड्याने पकडायचे. याला ते लोक मासेमारीच म्हणतात. बलून फ्रेममध्ये ते वजन माळ्यावरून तळघरापर्यंत अडल्याशिवाय जाई. पण तीच वाट आगीलाही मोकळी होती. तळघरात पेटलेले भिंतीच्या आतून थेट छपराला पोचे. म्हणून पोकळीत आडवे ठोकळे ठोकणे आले. पुढे प्रत्येक मजला स्वतंत्र उभारायची रीत रुळली आणि दर मजल्याच्या आडव्या पट्टीने पोकळी आपोआप बंद झाली. वायरमनला मात्र आता प्रत्येक पट्टीला भोक पाडावे लागते. वायर ओढून झाली की भोवतीची फट आग अडवणाऱ्या सीलंटने बुजवायची. नव्या घरात तपासनीस हे सगळे उघडे असतानाच पाहून जातो. त्याच्या सहीशिवाय भिंतीवर जिप्समचे बोर्ड चढत नाहीत.