मिचेलबाईंची वेधशाळा

१८६५ साली अमेरिकेत, हडसन नदीकाठच्या पकीप्सी गावात मुलींसाठी व्हॅसर कॉलेज उघडलं. त्याच्या आवारात सगळ्यात आधी पुरी झाली ती वेधशाळेची इमारत. बिअरच्या धंद्यात पैसा कमावलेल्या मॅथ्यू व्हॅसर यांनी या कॉलेजासाठी हात सैल सोडला होता. वेधशाळेच्या घुमटाखाली हेन्री फिट्झ यांनी घडवलेली, बारा इंचांहून थोड्या मोठ्या भिंगाची दुर्बीण बसली. तेव्हा साऱ्या देशातल्या मोठ्या दुर्बिणींत तिची गणना होत असे. मुलींना गणित झेपतं का यावर शहाणीसुरती माणसं वाद घालत होती, त्या काळातली ही गोष्ट.

दुर्बिणीबरोबर कॉलेजाला मारिया मिचेल मिळाल्या. वय सत्तेचाळीस. वेधशाळेतच त्यांनी आपल्या वृद्ध वडिलांसह बिऱ्हाड थाटलं. पगार वर्षाला ८०० डॉलर, म्हणजे कॉलेजातल्या पुरुष प्राध्यापकांपेक्षा बराच कमी. त्याबद्दल त्या पुढे उघडपणे भांडल्या आणि ते योग्यच होतं.

बाईंचा जन्म १८१८ सालचा, नॅन्टकेट बेटावरचा. देवमाशांच्या शिकारीवर जगणाऱ्या या बेटावर ताऱ्यांची माहिती हा पोटापाण्याचा विषय होता. महिनोन्‌महिने समुद्रात राहणाऱ्या जहाजांना आपली जागा कळायची ती आकाश आणि अचूक घड्याळ यांच्या मेळातून. मारियाचे वडील विल्यम मिचेल गलबतांची घड्याळं ताऱ्यांशी ताडून लावून देत. १८३१ च्या सूर्यग्रहणात वडील वेध घेत असताना बारा वर्षांची मारिया शेजारी बसून सेकंद मोजत होती. पुढे तिने गावच्या ग्रंथालयात नोकरी धरली. दिवसा पुस्तकं, रात्री गच्ची. १ ऑक्टोबर १८४७ च्या रात्री तिला दुर्बिणीतून एक अंधूक धूमकेतू दिसला. दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधणाऱ्यासाठी डेन्मार्कच्या राजाने सुवर्णपदक ठेवलं होतं, ते या बेटावरच्या ग्रंथपालबाईंना मिळालं. शुक्राची स्थाने गणिताने काढून सरकारी नाविक पंचांगाला पुरवण्याचं काम त्यांनी नंतर जवळजवळ वीस वर्षं केलं.

बाईंचा हात किती बारीक कामाला सरावलेला होता, त्याची एक गोष्ट त्यांच्या टिपणांत आहे. वेध घेण्याच्या यंत्राच्या नेत्रिकेत अगदी बारीक आडव्याउभ्या रेषा लागतात. तारा त्या रेषेला शिवला की वेळ टिपायची. त्या रेषा तेव्हा कोळ्याच्या धाग्यांच्या असत. जुने धागे तुटले तेव्हा बाईंनी माणसाचे केस लावून पाहिले, पण ते जाड पडले. शेवटी कोळ्याच्या कोशातून तंतू काढून ते त्यांनी स्वतः ताणून बसवले. शिष्यांकडूनही त्यांची हीच अपेक्षा असे. यंत्र आपल्या हाताने नीट करायचं आणि मगच त्याच्यावर विश्वास टाकायचा.

व्हॅसरमधला त्यांचा वर्ग छोटा असे आणि तो छोटाच राहावा असा त्यांचा हट्ट होता. भाषणं कमी, कामं जास्त. गुण देणं त्यांना पसंत नव्हतं, कारण माणसाची बुद्धी आकड्यात मावत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. मुलींना आधी लहान दुर्बिणी मिळत. पुढच्या वर्षी, गणिताची तयारी झाली की, घुमटाखालची मोठी दुर्बीण. ग्रहणं आणि कक्षा मुली कागदावर गणित करून काढत आणि मग आकाशाशी ताडून पाहत. पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं म्हणून दाखवणाऱ्या मुलीला बाई विचारत, हे वाचलंस की पाहिलंस?

यात एक अडचण होती, ती रात्रीची. मुलींनी रात्री वसतिगृहाबाहेर पडायचं नाही हा त्या काळचा शिरस्ता. बाईंना तो मुळीच मान्य नव्हता. काही वर्षांपूर्वी युरोपच्या प्रवासात रोमच्या वेधशाळेत शिरण्यासाठी त्यांना खास परवानगी काढावी लागली होती, आणि तीही अंधार पडायच्या आत बाहेर पडण्याच्या अटीवर. ज्या वेधशाळेतून दिवेलागणीला निघून जायचं, तिचा खगोलशास्त्रज्ञाला उपयोग काय? आपल्या मुलींवर ही पाळी त्यांनी येऊ दिली नाही.

मुलींची वेधाची कामं खरीखुरी होती, हे या साऱ्यातलं मोठेपण. गुरूचे चंद्र ग्रहाच्या सावलीत शिरतात, बाहेर येतात. त्या क्षणाची नोंद करायला एकीने डोळा नेत्रिकेला लावायचा आणि दुसरीने घड्याळाकडे बघत सेकंद पुकारायचे. चंद्र एकदम विझत नाही, मंदावत जातो. नेमका कुठल्या सेकंदाला दिसेनासा झाला हे ठरवायला सराव आणि प्रामाणिकपणा दोन्ही लागतात. शेजारणीने काय लिहिलं हे पाहून आपला आकडा बदलला की निरीक्षण वाया गेलं. गुरू आणि शनी यांच्या उपग्रहांवरचे वेध बाईंनी १८७० च्या दशकात अमेरिकन जर्नल ऑफ सायन्समध्ये छापले. सूर्याचे फोटो काढण्याचं कामही मुलींच्या हाती होतं. ६ डिसेंबर १८८२ ला शुक्र सूर्यबिंबावरून गेला, तोही व्हॅसरच्या फोटोच्या काचांवर उतरला.

१८७३ साली बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांचं एक पुस्तक गाजलं. मुलांसारखा अभ्यास केल्याने मुलींचं शरीर खचतं, असा त्यात दावा होता, आणि तो अनेक घरांत खरा मानला गेला. पाच वर्षांनी, १८७८ च्या जुलैत, मिचेलबाई बहीण फिबी आणि चार माजी विद्यार्थिनी यांना घेऊन खग्रास सूर्यग्रहणासाठी कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला निघाल्या. सरकारचं बळ नव्हतं, पदरमोड होती. वाटेत दोन रेल्वे कंपन्यांच्या भांडणात त्यांचं सामान अडकलं आणि दुर्बिणीची भिंगं त्यातच होती. डेन्व्हरला पोचल्यावर ती हाती येईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. वर पावसाळी आभाळ.

२९ जुलैला आभाळ स्वच्छ झालं. गावाबाहेरच्या उंचवट्यावर राहुटी ठोकली होती, तीन दुर्बिणी रोवल्या होत्या आणि प्रत्येकीला तिचं काम आधीच वाटून दिलेलं होतं. चंद्राने सूर्य पुरता झाकला त्यानंतर हाताशी फक्त पावणेतीन मिनिटं. एवढ्यात प्रभामंडलाचा आकार, किरणांची दिशा, रंग, सगळं टिपायचं. घाबरून वेळ दवडायला जागा नव्हती, म्हणूनच तर इतकी वर्षं सेकंद मोजण्याचा सराव. मिचेलबाईंची साठी तीन दिवसांवर आली होती. स्वतंत्रपणे आलेल्या सहा बायकांचं हे पथक गावकऱ्यांनी डोळे भरून पाहिलं. डॉ. क्लार्कना याहून चांगलं उत्तर कोणी दिलं असेल असं वाटत नाही.

वेधशाळेची खरी कमाई मात्र तिच्यातून बाहेर पडलेल्या मुलींत मोजायला हवी. पहिल्या तुकड्यांतली मेरी व्हिटनी १८६९ च्या ग्रहणाला आयोवातल्या बर्लिंग्टनला स्वतःची तीन इंची दुर्बीण घेऊन गेली होती. १८८८ मध्ये बाईंनी काम सोडलं तेव्हा वेधशाळा तिच्याच हाती आली. व्हिटनी आणि त्यांची शिष्या कॅरोलिन फर्नेस यांनी धूमकेतू, लघुग्रह आणि रूपविकारी तारे यांचे वेध नेटाने चालू ठेवले. रूपविकारी तारा म्हणजे ज्याचं तेज कमीजास्त होतं असा तारा. त्याच्या आसपासचे, तेज ठाऊक असलेले दोन तारे निवडायचे, एक त्याच्याहून किंचित ठळक, एक किंचित फिका, आणि आपला तारा त्या दोघांच्या मध्ये नेमका कुठे बसतो हे नजरेने ठरवायचं. लागतात ते डोळे आणि चिकाटी. कुठल्याही कॉलेजातल्या विद्यार्थ्याला जमेल असं हे काम आहे आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी साठल्या की त्यातून ताऱ्याचा स्वभाव उलगडतो. फर्नेस यांनी १९१५ मध्ये या विषयावर लिहिलेला ग्रंथ कॉलेजाच्या पन्नाशीनिमित्त निघाला.

१८८७ च्या तुकडीतली अँटोनिया मॉरी हार्वर्डच्या वेधशाळेत गेली. आपल्या सप्तर्षींतल्या वसिष्ठाच्या वर्णपटातल्या रेषा कधी एकेरी तर कधी दुहेरी दिसत, म्हणजे त्यातला मुख्य तारा प्रत्यक्षात दोन ताऱ्यांची जोडी होती. या जोडीच्या फेऱ्यांचा काळ काढण्याचं काम मॉरींनी केलं आणि सारथी तारकासमूहात तशी दुसरी जोडी त्यांनी स्वतः शोधली. ताऱ्यांच्या वर्णपटांतल्या रेषा किती रुंद, किती अरुंद यावरून त्यांनी १८९७ साली एक बारीक वर्गवारी मांडली. ती वरिष्ठांना अति किचकट वाटली. पण डेन्मार्कच्या हर्ट्झस्प्रुंग यांनी तिच्याच आधारे राक्षसी तारे आणि खुजे तारे वेगळे करून दाखवले. आणखी बऱ्याच वर्षांनी, कधीकाळी मारिया मिचेल इथे शिकवत होत्या हे वाचून एका मुलीने व्हॅसर निवडलं आणि १९४८ मध्ये तिथून पदवी घेतली. तिचं नाव व्हेरा रुबिन. आकाशगंगांच्या फिरण्याचा वेग मोजून न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा भक्कम पुरावा समोर ठेवणाऱ्या त्या याच.

१८८८ हे साल आपल्याकडेही महत्त्वाचं आहे. मिचेलबाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांनी ५००० रुपये दिले होते, मुंबई सरकारने तेवढेच घातले होते, आणि सूत्रधार होते एल्फिन्स्टन कॉलेजचे माजी विद्यार्थी प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला. तिथली २० इंची आरशाची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य रेषा बारीक आणि रेखीव असल्याचं नायगमवालांनी पुण्यातून दाखवलं, आणि त्यामुळे नॉर्मन लॉकियर यांच्यासारख्या बड्या शास्त्रज्ञाचा त्या रेषेबद्दलचा तर्क लंगडा पडला. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण त्यांनी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला छावणी टाकून टिपलं.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बिणींसह सारं साहित्य कोडाईकनालला गेलं. काम पुण्याचंही पहिल्या प्रतीचं होतं. फरक इतकाच की व्हॅसरला बाईंची खुर्ची बाईंच्या विद्यार्थिनीने घेतली, आणि पुण्यात खुर्चीच उचलली गेली. चोवीस वर्षांची वेधशाळा एका माणसाच्या निवृत्तीबरोबर मिटवून टाकणं ही सरकारची मोठीच चूक होती.

व्हॅसरच्या जुन्या वेधशाळेच्या एका कपाटात मिचेलबाईंच्या काळातल्या फोटोच्या काचा शंभर वर्षांनी सापडल्या आणि तो इतिहास पुन्हा हाती आला. फिट्झची दुर्बीण आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांतही आजोबा-पणजोबांच्या कॉलेजच्या वह्या, प्रयोगांची टिपणं, एखाद्या ग्रहणाचं चित्र पडून असण्याचा संभव आहे. तसं काही मिळालं तर कृपा करून रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या किंवा पुराभिलेखागाराच्या हवाली करा.