‘ॲट’ला मराठीत काय म्हणायचं?

आमच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचे मसुदे वाचताना एक वाक्य हमखास भेटतं. ‘नमुने चार अंशांवर ठेवले’ याचं इंग्रजी मुलं ‘ऑन फोर डिग्रीज’ असं करतात. तिथे ‘ॲट’ हवं. दुसरं वाक्य ‘दोन वर्षांपासून’चं. त्याचं ‘सिन्स टू इयर्स’ होतं, हवं असतं ‘फॉर’. मुलं हुशार असतात, रसायनशास्त्र पक्कं असतं, आकडेमोड बिनचूक असते, आणि परीक्षक मात्र शोधनिबंधावर ‘भाषा तपासून घ्या’ एवढंच लिहून तो परत पाठवतो. मग मुलांना वाटतं, आपलं इंग्रजीच कच्चं.

मला हे तितकंसं पटत नाही. या चुका ठरावीक जागीच होतात, म्हणजे त्यामागे काहीतरी कारण असणार. माती सगळीकडे सारखी खारवट होत नाही, जिथे पाणी साचतं तिथेच होते, तसंच. म्हणून या वेळी मातीतले क्षार बाजूला ठेवून थोडा इतिहास सांगते. तो माझ्याच तालुक्यापाशी सुरू होतो.

आमचं कळस इंदापूर तालुक्यात. जमिनीच्या इतिहासात हा तालुका प्रसिद्ध आहे, पण आमच्याकडे फार कुणाला ते ठाऊक नसतं. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने दख्खनमध्ये जमीन मोजायला घेतली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने ठरवलेले दर १८३० च्या सुमारास लागू झाले. ते इतके चढे आणि मोजणी इतकी सदोष की लोकांनी जमिनी पडीक टाकल्या. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांना इंदापुरात पाठवलं गेलं. त्यांनी जमीन नव्याने मोजली, मातीचा पोत, रंग आणि खोली पाहून तिची प्रत ठरवली आणि १८३६ मध्ये नवे, उतरते दर तीस वर्षांसाठी बांधून दिले. मुंबई इलाख्यात पुढे सगळीकडे गेलेली सर्व्हे पद्धत ती हीच, तिची सुरुवात इंदापुरात झाली. (मातीची प्रत आण्यांमध्ये मोजायची त्यांची रीत मला फार आवडते. सोळा आणे माती म्हणजे उत्तम, त्याखाली उतरत जायचं. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.)

त्याच १८३६ साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापून निघालं. दादोबांचा जन्म १८१४ चा, म्हणजे तेव्हा वय जेमतेम बावीस. आमच्या विभागात त्या वयाची मुलं एमएस्सीचा प्रकल्प करत असतात! त्याआधी मराठीची व्याकरणं नव्हती असं नाही. विल्यम कॅरीने १८०५ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, मराठीचं व्याकरण छापलं होतं, पण ते इंग्रजांना मराठी शिकता यावी म्हणून. दादोबांचं पुस्तक मराठी मुलांसाठी होतं.

एकाच वर्षी एकीकडे आमची जमीन इंग्रजी मापात बसवली जात होती आणि दुसरीकडे आमची भाषा इंग्रजी व्याकरणाच्या साच्यात. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: एखादी गोष्ट कुठे आहे, हे नेमकं कसं लिहायचं?

व्याकरणापासून सुरुवात करू. शाळेत आपण शब्दांच्या आठ जाती शिकलो. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. ही यादी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीत आली, दादोबा आणि त्यांच्या मागून आलेल्या व्याकरणकारांच्या हातून रुजली, आणि अजून पाठ्यपुस्तकात आहे. दुसऱ्या बाजूला संस्कृतातून विभक्ती आल्या. स, ला, ते. ने, ए, शी. ऊन, हून. चा, ची, चे. त, ई, आ. वर्गातल्या सगळ्यांनी एका सुरात म्हटलेलं हे पाठांतर कुणी विसरत नाही.

गोंधळ या दोन कप्प्यांमध्ये आहे. जागा आणि वेळ दाखवायला मराठी दोन्ही कप्प्यांतलं सामान वापरते. ‘टेबलावर’, ‘झाडाखाली’, ‘डब्यामध्ये’ हे शब्दयोगी अव्ययांच्या कप्प्यात. ‘घरी’, ‘शाळेत’, ‘सोमवारी’ हे सप्तमीच्या कप्प्यात. इंग्रजीच्या तासाला ‘प्रीपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय’ असं सांगितलं जातं आणि मुलं इमानदारीत दुसरा कप्पा बंद करून पहिल्यातच शोधत बसतात. ‘इन’ला ‘मध्ये’ सापडतं. ‘ऑन’ला ‘वर’ सापडतं. ‘ॲट’ला काय? जवळ, पाशी, कडे, यातलं काहीच नीट बसत नाही. ‘ॲट’चा जोडीदार त्या कप्प्यात नाहीच. तो सप्तमीत आहे.

‘आई घरी आहे’ आणि ‘मांजर घरात आहे’ ही वाक्यं घ्या. पहिल्यात आई अंगणात असेल, गोठ्यात असेल, तरी ती घरीच असते. दुसऱ्यात मांजर चार भिंतींच्या आत आहे. इंग्रजीत पहिल्याला ‘ॲट होम’, दुसऱ्याला ‘इन द हाउस’. म्हणजे ठिकाण एक बिंदू म्हणून बघायचं की आतली पोकळी म्हणून, हा भेद कळसमधलं चार वर्षांचं पोरही न चुकता करतं. शाळेत कुणी त्याला सांगत नाही की बाळा, तुला ‘ॲट’ येतं.

अर्थात हे सगळीकडे चालत नाही. ‘ई’ प्रत्यय आता मोजक्याच शब्दांना लागतो. घरी, दारी, माहेरी, सासरी, गावी. ‘शाळेत’ म्हणताना बिंदू आणि पोकळी एकच होतात, आणि ‘पुण्याला राहतो’ म्हणताना सप्तमी सोडून आपण थेट ‘ला’वर येतो. वेळेच्या बाबतीत तर ‘ई’ फारच उदार आहे. सकाळी, सोमवारी, रात्री या तिन्हींना एकच प्रत्यय, आणि इंग्रजीत अनुक्रमे ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’. इथे मराठीचा आधार नाही, पाठच करावं लागतं. घड्याळाच्या वेळेला आपण ‘वाजता’ म्हणतो, त्यात प्रत्यय शोधू नका, ते सरळ ‘वाजणे’ क्रियापद आहे. ठोके पडणाऱ्या घड्याळाची आठवण त्या शब्दात राहिली आहे. त्याआधी दिवस प्रहरांत आणि घटकांत मोजला जायचा, साठ घटकांचा दिवस, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची.

आता त्या चार अंशांकडे येते. ‘चार अंशांवर’, ‘पाच किलोमीटर अंतरावर’, ‘पहिल्या क्रमांकावर’, ‘शून्यावर बाद’. मोजपट्टी आली की मराठी माणूस त्या पट्टीवर उभा राहतो, म्हणून ‘वर’. इंग्रजी माणूस पट्टीवरचा बिंदू दाखवतो, म्हणून ‘ॲट’. त्यामुळे माझा नियम साधा आहे: ‘वर’च्या आधी आकडा किंवा पातळी असेल तर ‘ॲट’, पृष्ठभाग असेल तर ‘ऑन’. नव्या विद्यार्थ्यांना एवढं सांगितलं की निम्म्या चुका आपोआप थांबतात.

अंगावरच्या वस्तूंची गंमत वेगळीच. आपण अंगठी बोटात घालतो, चप्पल पायात, गजरा केसात. इंग्रजीत अंगठी बोटावर, चप्पल पायावर. प्रत्यक्षात बोट अंगठीत जातं, अंगठी बोटात नाही, म्हणजे दोन्ही भाषा आपापल्या परीने तिरक्याच! आंबे आपल्याकडे झाडाला लागतात, पंखा छताला असतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ऑन’. मेलिसा बावरमन आणि सूनजा चोई यांनी १९९१ मध्ये इंग्रजी आणि कोरियन बोलणाऱ्या लहान मुलांची तुलना केली होती. इंग्रजीतला ‘इन’ आणि ‘ऑन’ हा भेद कोरियनमध्ये आडवा कापला जातो. तिथे वस्तू घट्ट बसते की सैल, यावर क्रियापद ठरतं. मुलं दोन वर्षांची व्हायच्या आतच आपापल्या भाषेच्या रीतीने जागेची वाटणी करू लागतात. हे वाचल्यापासून ‘इंग्रजीचं लॉजिक’ या शब्दप्रयोगावरचा माझा विश्वास उडाला आहे.

आपल्याकडच्या जुन्या व्याकरणकारांना हे चांगलं उमगलं होतं. संस्कृत व्याकरणात सप्तमीचा अर्थ म्हणजे आधार, आणि त्याचे तीन प्रकार सांगितलेत. चटईवर बसणं हा स्पर्शाचा आधार. तिळातलं तेल हा सगळीकडे भिनलेला आधार. मोक्षाची इच्छा हा विषयाचा आधार, त्यात जागा नाहीच. पहिल्याला ‘ऑन’, दुसऱ्याला ‘इन’ म्हणा, जवळपास जमून जातं. मातीतल्या क्षारांवर काम करणाऱ्या माणसाला तर हा फरक रोजचा आहे. क्षार मातीवर पांढऱ्या थराने साचलेत की मातीत मुरलेत, यावर पुढचा सगळा उपाय ठरतो. एवढं हाताशी असून इंग्रजीच्या तासाला ते कधी वापरलं गेलं नाही. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आलं, भलं जाडजूड पुस्तक (दामले हे केशवसुतांचे धाकटे भाऊ). पण तोपर्यंत मराठी व्याकरण हा मराठीच्या तासाचा विषय झाला होता आणि इंग्रजी व्याकरण इंग्रजीच्या. दोन मास्तर, दोन पुस्तकं. जुनी पिढी ‘तर्खडकर’ म्हणते ती भाषांतर पाठमाला त्यातल्या त्यात बरी, कारण तिच्यात निदान दोन्ही भाषा एका पानावर यायच्या. नंतर रेन आणि मार्टिन यांचं पुस्तक आलं आणि मराठी पानावरून गेली. हा रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता आणि त्याचं खरं नाव झालं ते फ्रेंच फौजेवरच्या ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळे. पुढे रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, आधी पाचवीपासून असायचं. माझ्या पिढीला चार वर्षं जास्त मिळाली, पण ते दोन कप्पे तसेच वेगळे राहिले.

आता जमीन. खरेदीखतात चतुःसीमा लिहिण्याची आपली रीत जुनी आहे. पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. हा ‘स’ कोणता? स, ला, ते मधला. म्हणजे रूप द्वितीया-चतुर्थीचं आणि अर्थ सप्तमीचा. मराठीत हे सर्रास चालतं आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते इंग्रजीत नेताना. कारण तिथे तीन दारं आहेत. ‘इन द ईस्ट’ म्हणजे हद्दीच्या आत, पूर्व भागात. ‘ऑन द ईस्ट’ म्हणजे पूर्वेच्या हद्दीला लागून. ‘टू द ईस्ट’ म्हणजे हद्दीबाहेर, पूर्वेच्या दिशेला. ‘गटाच्या पूर्वेस विहीर आहे’ या मराठी वाक्यातून यातलं काहीही निघू शकतं. विहीर माझ्या गटात आहे, बांधावर आहे की शेजाऱ्याच्या रानात? इंदापूरसारख्या कोरड्या तालुक्यात हा व्याकरणाचा प्रश्न राहत नाही, पाळीपाळीने पाणी घेण्याचा हक्क त्यावर ठरतो. वकिलांनी यावर काढलेला तोडगा मोठा मजेशीर आहे. इंग्रजी खरेदीखतांत सर्रास ‘ऑन ऑर टुवर्ड्स द ईस्ट’ असं लिहिलेलं असतं. ‘पूर्वेस’च्या पोटातले दोन अर्थ एकदम लिहून मोकळं व्हायचं! मराठीत लिहिणाऱ्याने ‘पूर्वेस लगत’ किंवा ‘गटाच्या आत पूर्व बाजूस’ असा एक शब्द जास्त घातला तर भाषांतर करणाऱ्याचंही काम सोपं होतं. माझ्या मते असा आग्रह गावातल्या प्रत्येकाने दस्त लिहून घेताना धरायला हवा.

असाच एक धोका ‘पर्यंत’मध्ये आहे. ‘१५ तारखेपर्यंत अर्ज करा’ इथे ‘बाय’ लागतं, ‘१५ तारखेपर्यंत दुकान बंद’ इथे ‘अंटिल’. काम एका क्षणी उरकायचं असेल तर ‘बाय’, अवस्था टिकून राहणार असेल तर ‘अंटिल’. शिष्यवृत्तीच्या इंग्रजी सूचना वाचताना हे माहीत नसलं की तारीख चुकते, आणि चुकलेली तारीख परत येत नाही.

उलट बाजूही आहे, आणि ती कुणी सांगत नाही. इंग्रजीत ‘इन टू अवर्स’ म्हटलं की दोन अर्थ होतात. मराठीत ‘दोन तासांत’ म्हणजे तेवढ्या वेळाच्या आत, ‘दोन तासांनी’ म्हणजे तेवढा वेळ गेल्यावर. एका प्रत्ययाचा फरक आणि संदिग्धता संपली. द्रावण दोन तासांत गाळायचं की दोन तासांनी, यात क्षाराचं मोजमाप बदलतं. म्हणून आमच्याकडे प्रयोगाची वही मराठीत लिहिणाऱ्या मुलांना मी थांबवत नाही. कृती आधी ‘तासांत’ किंवा ‘तासांनी’ अशी लिहून घ्यायची, मग इंग्रजी करताना पहिल्याला ‘विदिन’, दुसऱ्याला ‘आफ्टर’. ‘इन’ तिथे वापरायचंच नाही.