विष सोडणारा जंतू आणि उंटाचे प्रतिपिंड

रोगजंतू मारला की रोग जातो, असे आपण वर्गात सांगतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण जंतू मारण्याच्या औषधामुळेच एखादा रोग उद्भवत असेल तर काय करायचे? आतड्यातल्या एका जिवाणूने हा प्रश्न उभा केला आहे.

१९३५ साली अमेरिकेत हॉल आणि ओ'टूल यांना नवजात बालकांच्या विष्ठेत हा जिवाणू आढळला. हवा लागली की तो मरे, त्यामुळे प्रयोगशाळेत तो वाढवणे महाकठीण. म्हणून त्याच्या नावात 'डिफिसिल', म्हणजे अवघड, हा शब्द आला. आज आपण त्याला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल म्हणून ओळखतो. बालके तर ठणठणीत होती. त्यामुळे पुढची चाळीस वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९७० नंतर क्लिंडामायसिनसारखी प्रतिजैविके घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र जुलाब होऊन आतड्याला सूज येऊ लागली. त्यामागे हाच जिवाणू आहे, हे १९७८ मध्ये सिद्ध झाले. प्रतिजैविकाने आतड्यातले नेहमीचे जिवाणू मरतात, आणि चिवट बीजाणूंच्या रूपात टिकलेल्या या जिवाणूला मोकळे रान मिळते. तो 'ए' आणि 'बी' अशी दोन विषे सोडतो. ही विषे आतड्याच्या अस्तरातील पेशींत शिरतात व पेशीचा सांगाडा सांभाळणाऱ्या प्रथिनांवर ग्लुकोजचा रेणू चिकटवतात. सांगाडा ढासळतो, पेशींमधले सांधे सुटतात. यात माणसे दगावतातही. उपाय म्हणून पुन्हा प्रतिजैविकच द्यावे लागते, आणि सुमारे पाचांतील एका रुग्णाचा रोग उलटतो.

मग जंतूऐवजी विषच निकामी केले तर? ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवले, की धनुर्वाताला प्रतिकार करू शकणाऱ्या प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्याला टोचले तर त्याचेही विषापासून रक्षण होते. सर्पदंशावर आपल्याकडे दिले जाणारे, घोड्यांच्या रक्तापासून बनवलेले औषध याच तत्त्वावर चालते. रक्तजलातील हे रक्षक म्हणजे प्रतिपिंड. डिफिसिलच्या 'बी' विषाला अडवणारे बेझलोटोक्सुमॅब हे प्रतिपिंड २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते शिरेतून द्यावे लागे, आणि २०२५ मध्ये कंपनीने ते बंद केले.

दुसरी वाट ब्रुसेल्समध्ये सापडली. १९८९ च्या सुमारास तेथील विद्यापीठात विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी गोठवून ठेवलेले उंटाचे रक्त देण्यात आले. त्यातले काही प्रतिपिंड ठरलेल्या चार साखळ्यांचे नव्हते. त्यांत हलक्या साखळ्याच नव्हत्या. रेमंड हॅमर्स व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. या प्रतिपिंडाचे विष पकडणारे टोक तेवढे वेगळे काढले तरी ते एकटे काम करते. नेहमीच्या प्रतिपिंडाचे वजन सुमारे दीड लाख डाल्टन, तर या टोकाचे सुमारे पंधरा हजार, म्हणजे दहावा हिस्सा! ते जिवाणूंत किंवा यीस्टमध्ये बनवता येते आणि मण्यांसारखे एकापुढे एक जोडताही येते.

२०११ मध्ये कॅनडातील संशोधकांनी उंटाच्याच कुळातील लामापासून 'ए' विषाला निष्प्रभ करणारी अशी टोके मिळवली. पुढे दोन्ही विषांविरुद्धची चार टोके एका साखळीत गुंफली गेली. मात्र प्रतिपिंड हे प्रथिन आहे. ते गिळले तर जठरात त्याचे पचन होऊ लागते. म्हणून २०२० मध्ये अमेरिकी संशोधकांनी ही साखळी आतड्यातच तयार करून सोडणारे यीस्ट बनवले. ते तोंडावाटे दिल्यावर उंदीर या रोगापासून वाचले. उंदरांतले यश माणसात उतरेलच असे नाही, याचे भान मात्र आपण ठेवायला हवे.

प्रतिपिंड शिकवताना आपण फळ्यावर इंग्रजी 'वाय'सारखी आकृती काढतो. तिच्याशेजारी उंटाचीही काढावी, आणि विद्यार्थ्यांना विचारावे: जंतूला न मारता केवळ विष अडवले, तर आतड्यातल्या इतर जिवाणूंचे काय होईल?